गीत, संगीत, गायन : स्वतः

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात फोन उचलणाऱ्या त्या माणसाला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. आवाज गोड होता, हे एक कारण. दुसरं असं की एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही. 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' हे वाक्य तो अशा काही लाडिकपणे म्हणायचा, की पलीकडे रिकामी बादली घेऊन उभा असलेला माणूस क्षणभर पाणी विसरायचा. पाणी अर्थातच यायचं नाही. ते आणणं रेडिओचं काम नव्हतं.

दोन-चार तक्रारदार बायकांनी 'काय आवाज आहे हो तुमचा' म्हटलं, आणि एवढ्याशा हवेवर त्याचा फुगा फुगला. आपण चुकून पाणीपुरवठ्यात पडलेले गायक आहोत अशी त्याची पक्की खात्री झाली. आता गायकाला गाणी लागतात. तीही त्याला घरबसल्या मिळाली, म्हणजे ऑफिसबसल्या. समोरच्या टेबलावर एक टायपिस्ट बाई होत्या. अबोल, काटकुळ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दिवसभर 'जलवाहिनी फुटल्याबाबत' टाईप करायच्या आणि डब्याच्या सुट्टीत, कुणी मागे लागलंच तर, स्वतः रचलेल्या ओळी म्हणून दाखवायच्या. मागे लागणारा एकटा रेडिओच होता. तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि हात पुसून ओळी उतरवून घ्यायचा.

"चाल लावतो याला," तो म्हणायचा.

"लावा की," बाई डब्याचं झाकण लावत म्हणायच्या. एवढंच काय ते बोलणं झालं होतं.

चाली लागल्या. सगळ्या गाण्यांना मिळून दीडच चाल होती, पण लागली. मग कॅसेट काढायचं ठरलं. ते दिवस कॅसेटचे होते आणि घरोघरी कुणी ना कुणी काढत होतंच. टायर पंक्चरच्या दुकानावरच्या एका खोलीत, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेल्या स्टुडिओत, रेडिओने एका रविवारी सगळी गाणी गाऊन टाकली. तिसऱ्या गाण्यात 'सख्या रे' नंतर टायरवर हातोडा पडल्याचा आवाज आजही स्पष्ट ऐकू येतो. या सगळ्या खटाटोपात बायकोचं शिलाई मशीन विकलं गेलं.  त्या दिवसापासून तिने कॅसेट म्हणून घरात लावू दिली नाही.

कॅसेटचं नाव होतं 'उंबऱ्यावरचं आभाळ'. बाईंच्याच एका ओळीतले शब्द. कुणाला ते उंबरठ्यावरचं वाटे, कुणाला उंबराच्या झाडावरचं. कव्हरवर रेडिओचा फोटो, हनुवटीखाली मूठ, नजर लांब कुठेतरी. आणि खाली ठसठशीत अक्षरांत : गीत, संगीत, गायन – स्वतः.

छपाईवाल्याने विचारलं होतं, "तिन्ही तुम्हीच?"

रेडिओने घशातल्या घशात खाकरून मान हलवली होती. नंतर मनाची समजूतही घातली, की बाईंना कुठे हौस आहे नावाची. बाईंना विचारलं मात्र नाही. विचारल्यावर त्या 'हो, आहे' म्हणाल्या असत्या तर?

कॅसेट खपली नाही. वाटली मात्र भरपूर गेली. साखरपुडा, बढती, बारसं, निवृत्ती, जिथे म्हणून मोकळ्या हाताने जाता येत नाही तिथे रेडिओ ती घेऊन जायचा. एका चुलतभावाने तिच्यावर आपल्या पोपटाचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि 'टेप चांगल्या प्रतीची होती' असं मनापासून सांगितलं. उरलेली खोकी पलंगाखाली गेली. पुढे टायपिस्ट बाई निवृत्त झाल्या, मग रेडिओही झाला, आणि गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. त्याच्यासाठी.

पण एका संध्याकाळी टीव्हीवर ढगांचा गडगडाट झाला, एक रडवेली सून दारात उभी राहिली, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली : नवी मालिका, 'उंबऱ्यावरचं आभाळ'.

रेडिओच्या हातातला चहा बशीत आला. "अगं, हे माझं आहे!"

"शू," बायको म्हणाली. "ऐकू द्या."

"माझं नाव चोरलं!"

"तुमचं नाव चोरून कुणाचं काय भलं होणारे? गप्प बसा, सून बोलतेय."

मालिका धो धो चालली. शहाणी धाकटी सून, कारस्थानी मोठी जाऊ, आणि कुणी दचकलं की तीन वेळा तीन बाजूंनी दिसणारा तोच चेहरा. बायको तिच्या वेळेला कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. शीर्षकगीत रिक्षांत, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे वाजू लागलं. मग कुठल्याशा पोरांनी त्याच नावाचं धडधड वाजणारं नाचाचं गाणं काढलं. त्यात उंबरा नव्हता, आभाळही नव्हतं, पण नाव तेच होतं. आणि रेडिओ जो भेटेल त्याला धरून सांगू लागला की मूळ आभाळ माझं, बाकीचे सगळे आयत्या बिळावरचे नागोबा.

हे तो अगदी मनापासून म्हणायचा, हे विशेष. एखादं खोटं फार वर्षं घरात राहिलं की ते घरच्यासारखंच वागू लागतं.

वडिलांची तडफड बघवेना म्हणून मुलीने कॅसेटमधली गाणी इंटरनेटवर चढवली. आणि चमत्कार झाला. ऐकणाऱ्यांचा आकडा भराभरा चढू लागला. रेडिओ फोन हातातून सोडेना. खाली लोक लिहीतही होते. त्याने चष्मा चढवून माहेरी आलेल्या मुलीला हाक मारली. "वाच, वाच काय म्हणतायत."

मुलगी वाचू लागली. "'हे ते नाही.' 'सुनेचं गाणं कुठाय?' 'कोण आहेत हे काका?' 'चुकून उघडलं, पण बंद करेपर्यंत उशीर झाला.' पुढे... एकाने लिहिलंय, 'तिसऱ्या गाण्यातला तबला छान आहे.'"

"बघ!" रेडिओ म्हणाला.

"बाबा, तो हातोडा आहे."

त्याने ते ऐकलं नाही. माणसाला कौतुक ऐकायचं असलं की कान आपणहून चाळणी होतात. त्याने वरच्या मजल्यावरच्या वकील बाईंना गाठलं. त्या भिजलेले केस पुसत दारातूनच म्हणाल्या, "काका, नावावर मालकी नसते. उद्या 'पाऊस' नावाचं गाणं काढलंत तर काय ढगांवर दावा लावणार?"

"पण चोरी ती चोरीच ना?"

"चोरी असेल तर ज्याने मूळ शब्द लिहिले त्याने बोलावं. तुम्हीच लिहिलेत ना?"

"म्हणजे काय!" रेडिओ म्हणाला, आणि तिथून जरा घाईनेच खाली उतरला.

तरी गप्प बसवेना. इस्त्रीचा शर्ट घालून, कॅसेट खिशात टाकून तो मालिकेच्या कचेरीत धडकला. काचेचं दार, थंडगार हवा, जमिनीवर वायरींचं जाळं. कुणी त्याला अडवलं नाही, कारण तिथे कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. शेवटी त्याला मालिकेच्या लेखिकेसमोर बसवलं गेलं. तिशीतली मुलगी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि कव्हरवरच्या फोटोवर तिची नजर जरा जास्तच वेळ थांबली.

"तुम्ही पाणीपुरवठ्यात होतात का?"

रेडिओला आकाश ठेंगणं झालं. "कसं ओळखलंत? आवाजावरून?"

"असंच. गाणी छान आहेत हो. शब्द कुणाचे?"

"माझेच. गीत, संगीत, गायन..."

"सगळं एकट्याने?"

"देवाने दिलं," रेडिओ विनयाने म्हणाला.

लेखिकेने पेन्सिल काढली, टेबलावर दोनदा वाजवली आणि गोड हसली. "असं बघा, नाव तर आम्ही बदलू शकत नाही. पण आम्हाला मालिकेत एक फोटो हवाय. सुनेचे दिवंगत सासरे. मोठे कवी, गायक. घराण्याचा मान. ती रोज त्यांच्या फोटोपुढे मन मोकळं करते. आत्तापर्यंत तिथे रंगवलेलं चित्र होतं, ते काही जमत नाहीये. तुमचा चेहरा अगदी... दिवंगत आहे."

भांडायला गेलेला माणूस फोटो काढून परतला. कोट मालिकावाल्यांचाच होता आणि दोन मापं लहान होता. मागची शिवण उसवून त्याला आत बसवला होता आणि श्वास घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. फोटोत चेहऱ्यावर जे गांभीर्य दिसतं, ते त्या कोटाचं.

मग सुरू झाले वैभवाचे दिवस. रोज संध्याकाळी सोफ्याच्या वरच्या भिंतीवर, जाड चौकटीत, रेडिओ. ज्याला आयुष्यभर गायचं होतं तो अखेर घराघरात पोचला होता, तोंड मिटून. सून त्याच्यापुढे रडायची. मोठी जाऊ त्याच्याकडे बघून दात-ओठ खायची. भाजीवाली ओरडली, "अगंबाई, तुम्ही जिवंत आहात!" आणि कोथिंबीर फुकट दिली. कॉलनीतल्या व्यायामशाळेची फीत कापायला त्याला बोलावलं. बाल्कनीत उभं राहायचं तरी तो आता फोटोतल्यासारखा उभा राहायचा, अर्धा वळून, हनुवटी वर, श्वास रोखून. शेजारची छोटी मुलगी आईला विचारायची, "काकांना काय होतंय?"

सगळ्यात बदलली ती बायको. समोर बसलेल्या नवऱ्याकडे जिने कधी धड पाहिलं नव्हतं, ती भिंतीवरच्या नवऱ्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहायची.

"बघा, किती जीव आहे हो तिचा तुमच्यावर," ती सुनेबद्दल म्हणायची. "तुम्ही असतात तर तिला हे दिवस पाहावे लागले नसते."

"मी आहे," रेडिओ म्हणायचा.

"तुमचं नाही म्हणत मी."

मग जाहिरात झळकली. 'या आठवड्यात उघड होणार सासऱ्यांच्या गाण्यांचं रहस्य!' रेडिओला वाटलं, आता आपली कॅसेट वाजणार. लेखिकेने शब्द पाळला (तिने काही शब्द दिला नव्हता). त्याने मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या गोळा केल्या, बिस्किटांचे पुडे आणले, मुलीला जावयासकट यायला लावलं. वकील बाईही आल्या. टीव्हीच्या बाजूला एक खुर्ची त्याने स्वतःसाठी तिरकी ठेवली. म्हणजे लोकांना फोटो आणि माणूस एकाच नजरेत दिसावा.

गडगडाट झाला. धाकटी सून एका चाळीच्या जिन्याने वर चढली. दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. काटकुळी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

रेडिओचं बिस्किट चहात पडलं.

"ज्या गाण्यांवर तुमच्या घराचा मान उभा आहे," पडद्यावरची म्हातारी म्हणाली, "ती माझी आहेत, पोरी. मी एका कचेरीत टायपिस्ट होते. डबा खाताना मी म्हणायचे, तुझे सासरे लिहून घ्यायचे. पुढे छापून आलं, गीत, संगीत, गायन, सगळं स्वतः. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

सून धावत घरी आली. भिंतीपुढे उभी राहिली. "बाबा! तुम्ही चोर आहात?" असं म्हणून तिने पितळी फुलदाणी उचलली आणि फेकली. रेडिओच्या चेहऱ्यावरची काच कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकली. तीन वेळा, तीन बाजूंनी.

 शेजारचे आजोबा कळवळून म्हणाले, "काय नालायक माणूस!" आणि लगेच घाईने, "मालिकेतला हो, मालिकेतला."

"छान वळण दिलंय कथेला," रेडिओ म्हणाला. त्याचा तो सुप्रसिद्ध आवाज पंपात हवा शिरल्यावर नळ बोलतो तसा आला. वकील बाईंनी कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलंच नाही, हे त्याला पाहण्यापेक्षा जास्त लागलं. मंडळी बिस्किटं तशीच टाकून उठली.

सगळे गेल्यावर बायकोने टीव्ही बंद केला. मालिका सुरू असताना तिने तो बंद करण्याची ही पहिलीच वेळ.

"टायपिस्ट बाई कोण?"

"अगं, मालिकेतलं असतं काहीतरी..."

"मी मालिकेतलं विचारत नाहीये."

रेडिओ तक्रार विभागात उभा जन्म काढलेला माणूस. लोकांना वाटेला लावायची सगळी वाक्यं त्याला पाठ होती. त्या संध्याकाळी एकही आठवेना. त्याने सगळं सांगितलं. डबा, ओळी, छपाईवाला, सगळं. बायको ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मशीन माझं, शब्द तिचे. तुमचं काय होतं हो त्यात?"

"आवाज," तो पुटपुटला.



लेखिकेला त्याने फोन केला, तोही गॅलरीत जाऊन. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," ती सरळ म्हणाली. "त्या टायपिस्ट बाई माझी मावशी. ती कधी काही बोलली नाही, आईने सांगितलं. मालिकेचं नाव मी तिच्याच ओळीतून घेतलं, तिला विचारून. तुम्ही स्वतः चालत आलात, कव्हरवरच्या फोटोसकट. वर देवाने दिलं म्हणालात. मी काय करू? मी रोज एक भाग लिहिते काका, आयतं आलेलं कोण सोडतं?"

गल्ली फिरली. भाजीवालीने कोथिंबिरीचे पैसे मागितले, मागच्या जुड्यांचेही. व्यायामशाळेतल्या पोरांनी हटकलं, "काका, त्या आजींना न्याय द्या." मालिका खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपली चोरी खरी आहे हे रेडिओला ठाऊक होतं. म्हणून तो वाद घालू शकत नव्हता.

"कपडे बदला," एका सकाळी बायको म्हणाली. "पत्ता घेतलाय मी त्या लेखिकेकडून. चला, माफी मागा."

टायपिस्ट बाई तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. दार उघडंच होतं. टीव्हीवर सिंह हरणामागे धावत होता आणि बाई पायावर पाय टाकून सिंहाला सूचना देत होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा तिथेच होता.

"या," त्या म्हणाल्या. "पाणी येतं का तुमच्याकडे?"

रेडिओ उभ्यानेच सुरू झाला. वाटेत जुळवलेली वाक्यं होती. आपल्या हातून अनवधानाने, परिस्थितीमुळे, त्या काळी... बायकोने कोपराने ढोसलं. तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, "बाई, मी तुमची गाणी चोरली. विचारलं नाही. तुम्ही नको म्हणाल अशी भीती नव्हती मला. हो म्हणाल, नाव घाला म्हणाल, अशी होती."

बाईंनी सिंहाचा आवाज बारीक केला. "मालिका मी बघत नाही. रडारड सोसत नाही मला. भाचीने सांगितलं तेव्हा तिला रागावले. पण खरं सांगू? कॅसेट निघाली तेव्हा फार राग आला होता. ऑफिसात सगळ्यांना वाटलीत, मला सोडून. वाटलं, जाऊन तुमच्या टेबलावरचा फोन तुमच्या डोक्यात घालावा. मग मी ती एका शिपायाकडून मागून घेतली आणि घरी ऐकली."

"आणि?"

"आणि राग गेला. म्हटलं, सुटले बाई! नाव घातलं असतं तर चारचौघांत तोंड कुठे लपवलं असतं?"

बायकोला हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघड, मग इतकं की तिला टेकायला खुर्ची लागली. इतक्या वर्षांत तिचं असं हसणं रेडिओने पाहिलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. चोरी पकडली गेल्याचं दुःख परवडलं; चोरलेला माल आपण नासवला, हे ऐकून तो खरोखर खचला.

"तरी माफ केलं असं समजू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाईट गायलात म्हणून चोरी लहान होत नाही. ते इंटरनेटवरचं आहे ना, तिथे माझं नाव घाला."

"आजच घालतो."

"आणि त्याआधी तुमचा आवाज काढा."

तसंच झालं. मुलीने कॅसेट इंटरनेटवरून उतरवली. भाचीने मावशीच्या दोन गाण्यांना एका शिकाऊ गायिकेकडून नवी चाल लावून घेतली. तीही 'उंबऱ्यावरचं आभाळ' याच नावाने निघाली, खाली बाईंचं नाव, स्वच्छ अक्षरांत. फार गाजली असं नाही. नाचाचं गाणं त्यांच्या कितीतरी पुढे होतं. पण रेडिओने कानाला फोन लावून ती ऐकली, आणि डब्याच्या सुट्टीत डोलवलेल्या माना सोडल्या तर ते शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकले. एक ओळ तर त्याने मागे नेऊन पुन्हा लावली. मालिकेत मात्र सुनेने सासऱ्यांना माफ करून टाकलं, कारण प्रेक्षकसंख्या घसरली होती.

दोघी बायकांची गट्टी जमली. बाई आता दर आठवड्याला येतात, बायको नव्या मशीनवर त्यांची पोलकी शिवते, आणि चहा रेडिओ करतो. बाईंना पुन्हा ओळी सुचू लागल्यात. त्या सांगतात, रेडिओ टेबलाशी बसून उतरवून घेतो. खाली नाव घालायला त्याला आता सांगावं लागत नाही. ते तो आधी लिहितो, मग गाणं.

परवा एक ओळ फारच सुरेख आली. लिहिता लिहिता त्याची मान डोलू लागली, बोटं टेबलावर ठेका धरू लागली. त्याने घसा साफ केला आणि जरा अंग चोरून विचारलं, "बाई, याला चाल मी लावू का?"

"नको!" दोघी एकदमच म्हणाल्या.